डोळे उघडे, तरीही ‘भूल’! केटामाइन या नावाभोवतीचा घोळ

अंबरनाथ, प्रतिनिधी

कल्याण-बदलापूर मार्गावरील एका लहानशा खासगी रुग्णालयात प्रस्तुत प्रतिनिधी अन्य कामानिमित्त बसला असताना घडलेला हा प्रसंग. मोरिवली परिसरातील एका कामगाराचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला होता व त्याचे मनगटाजवळचे हाड सरकले होते. हाड बसविण्यासाठी त्याला आत नेण्यात आले. काही मिनिटांनी त्याच्या आजीने अर्धवट लोटलेल्या दारातून डोकावून पाहिले आणि एकच हंबरडा फोडला. मुलाचे डोळे सताड उघडे होते, बुबुळे सावकाश इकडून तिकडे हलत होती आणि डॉक्टर त्याचा हात सर्व शक्तीनिशी ओढत होते.

‘‘अहो, पोर जागं आहे! जाग्या पोराचा हात ओढताय का?’’

‘‘आजी, भूल दिलीय त्याला. काही कळत नाही त्याला,’’ सिस्टर म्हणाल्या.

‘‘डोळे उघडे ठेवून कसली आलीय भूल?’’

आजींच्या या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी कोणीही दिले नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी मुलगा बोलू लागला, तेव्हा भिंती वितळत होत्या आणि आपण छताला चिकटलो होतो, असे काहीसे तो सांगत होता. हात दुखला का, या प्रश्नाचा अर्थच त्याला कळेना. आजींनी घरी जाऊन मुलाची दृष्ट काढली असणार, याविषयी शंका नको. वास्तविक त्या मुलाच्या बाबतीत काहीही विपरीत घडलेले नव्हते. त्याला केटामाइन हे औषध देण्यात आले होते आणि त्याने आपले काम नेमके जसे करावयाचे तसेच केले होते. विपरीत घडले ते एवढेच, की जे होणार होते त्यासाठी वापरलेला शब्द त्या घटनेला लागू पडत नव्हता.

केटामाइन हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. परंतु त्याची ओळख रुग्णालयातून झालेली नसून वृत्तपत्राच्या गुन्हेवार्तांतून झालेली आहे. डिसेंबर २०१३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून सुमारे १,२०० किलो केटामाइन जप्त केले, तेव्हा ते नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकी अभिनेता मॅथ्यू पेरी याचा मृत्यू झाला आणि त्याचे कारण केटामाइनचा तीव्र परिणाम हे असल्याचे शवविच्छेदनातून निष्पन्न झाले, तेव्हा ते पुन्हा मथळ्यात आले. दोन्ही वेळी बातम्यांत त्याचे वर्णन कोठे ‘गुंगीचे औषध’, कोठे ‘अमली पदार्थ’, कोठे ‘नशेची पावडर’ असे झाले. शस्त्रक्रियागृहात मात्र त्याच द्रव्याला ‘भूल’ म्हणतात. एकच द्रव्य पोलिसांच्या पंचनाम्यात ‘गुंगी’ होते आणि डॉक्टरांच्या तोंडी ‘भूल’ होते. गंमत अशी, की हे दोन्ही शब्द त्याला पुरते लागू पडत नाहीत.

प्रथम ‘भूल’ हा शब्द घेऊ. मराठीत भूल पडते, भूल घातली जाते, माणूस रूपाला भुलतो, राजकारणी भूलथापा देतात, रानात वाट चुकलेल्याला रानभूल लागते आणि वाण्याच्या बिलाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे छापलेले असते. (शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला जे आश्वासन हवे असते, ते निश्चितच हे नव्हे.) या सर्व अर्थांत विसर पडणे, भान हरपणे ही छटा समान आहे. ती फार सुंदर आहे. किंबहुना इंग्रजी ‘ॲनेस्थेशिया’ या शब्दात ती नाही. तो शब्द १८४६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील डॉक्टर व कवी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी सुचविला. बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी इथर हुंगवून केलेल्या जाहीर प्रयोगाला तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘संवेदनेचा अभाव’ एवढाच. म्हणजे इंग्रजी शब्द संवेदना जाण्याविषयी बोलतो, तर मराठी शब्द स्मृती व भान जाण्याविषयी. दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘बधिरीकरणतज्ज्ञ’ असे जे लिहिलेले असते ते इंग्रजी अर्थाच्या जवळचे आहे. पण संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा, आणि बोलताना कोणीही ‘मला बधिरीकरण दिले’ असे म्हणत नाही. सामान्य माणूस ‘भूल’च म्हणतो.

अडचण अशी, की आजच्या वैद्यकात भूल ही एक गोष्ट राहिलेली नाही. दात काढताना हिरडीत लिग्नोकेन टोचतात, तेव्हा माणूस पूर्ण शुद्धीवर असतो व केवळ ती जागा बधिर होते. सिझेरियनच्या वेळी बहुधा पाठीच्या मणक्यांतून ब्युपिव्हाकेन देतात, तेव्हा कमरेखालचे शरीर जणू आपले उरत नाही, पण बाळाचे पहिले रडणे आईला ऐकू येते. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत प्रोपोफॉलसारखे दुधी रंगाचे औषध शिरेतून देऊन रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करतात, घशातून नळी घालतात आणि श्वास यंत्राच्या हवाली करतात. या तिन्हींना आपण भूल म्हणतो. लोकांनी आपल्या परीने ‘जागेवरची भूल’, ‘कमरेखालची भूल’ आणि ‘पूर्ण भूल’ अशी वर्गवारी केलेली आहे व ती कोणत्याही परिभाषा कोशाहून अधिक कामाची आहे. केटामाइन मात्र या तिन्ही खणांत बसत नाही.

त्याच्या जन्मकथेतही नावाचाच घोळ आहे. पार्क-डेव्हिस या अमेरिकी औषध कंपनीकडे १९५० च्या दशकात फेन्सायक्लिडीन नावाचे एक द्रव्य होते. त्याने वेदना नाहीशा होत; परंतु जागे होताना रुग्ण तासन् तास भ्रमात राहत. त्याचाच सौम्य व अल्पकालीन भाऊबंद शोधताना १९६२ मध्ये कॅल्विन स्टीव्हन्स यांनी केटामाइन तयार केले. रेणूत कीटोन आहे आणि अमाइन आहे, म्हणून ‘केटामाइन’. इतका तो शब्द सरळ आहे. ऑगस्ट १९६४ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे एडवर्ड डोमिनो व गुंथर कॉर्सेन यांनी ते प्रथम माणसांना दिले. ही माणसे तुरुंगातील कैदी होती. ‘स्वयंसेवक’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ कोणता होता, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. औषध घेतलेली माणसे डोळे उघडे ठेवून पडून राहत, श्वास घेत, पण हाक मारली तर तेथे कोणीच नसे. या अवस्थेला म्हणावे काय? ‘स्वप्नवत’ हे वर्णन कंपनीला पसंत पडले नाही. स्किझोफ्रेनियाशी नाते सांगणारा एक लांबलचक शब्द पुढे आला, तो तर औषध विकण्यास मुळीच उपयोगाचा नव्हता. अखेर डोमिनो यांनी घरी पत्नीला सर्व हकीगत सांगितली, तेव्हा त्यांनी ‘डिसोसिएटिव्ह’ हा शब्द सुचविला. शरीर आणि जाणीव यांची परस्परांपासून ताटातूट, असा त्याचा आशय. १९७० मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली व व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांवर ते सर्रास वापरले गेले.

मराठीत या अवस्थेसाठी रूढ शब्द नाही. पाठ्यपुस्तकी ‘वियोजक’ म्हटले तर आजींना काही कळणार नाही आणि सिस्टरनाही कळणार नाही. परंतु शब्द नसला तरी दोन वाक्ये सांगता येतात: ‘डोळे उघडे राहतील, कदाचित हात-पाय हलतील, कण्हण्याचा आवाज येईल, पण दुखणे त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. जागा होताना तो काहीबाही बोलेल, घाबरू नका.’ एवढे सांगण्यास पंधरा सेकंद लागतात. ते सांगितले जात नाही, कारण ‘भूल देणार आहोत’ या तीन शब्दांत सर्व सांगून झाले, असा दोन्ही बाजूंचा समज असतो.

आता ‘गुंगी’कडे वळू. हा शब्द आम्हा पत्रकारांच्या फार सोयीचा. कल्याण स्थानकात लांब पल्ल्याच्या गाडीतून एखादा प्रवासी बेशुद्ध अवस्थेत उतरविला जातो, सामान गेलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी ‘गुंगीचे औषध देऊन प्रवाशाला लुटले’ ही चौकट तयार असते. ते औषध कोणते, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. नमुने कलिना येथील न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल येईतो ती बातमी सर्वांच्या विस्मरणात गेलेली असते. अशा गुन्ह्यांत पूर्वी धोत्र्याच्या बिया वापरीत. अलीकडच्या काळात मुख्यत्वे झोपेच्या वा चिंतेवरील गोळ्यांची भुकटी चहा, सरबत वा बिस्किटांतून दिली जाते. केटामाइन या कामी फारसे सोयीचे नाही. ते कडू असते आणि पोटातून घेतल्यास त्याचा अल्पसा अंशच रक्तापर्यंत पोहोचतो. क्लोरोफॉर्म लावलेला रुमाल नाकाशी धरताच माणूस कोसळतो हे तर केवळ चित्रपटांतील सत्य होय. प्रत्यक्षात काही मिनिटे तो रुमाल दाबून धरावा लागेल आणि तेवढ्यात सारा डबा जमा होईल.

कायद्याने मात्र शब्दांची पुरेशी काळजी घेतलेली आहे. १ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३२८ आणि त्यानंतर भारतीय न्याय संहितेचे कलम १२३ विष, गुंगी आणणारे, नशा आणणारे व अपायकारक द्रव्य असे वेगवेगळे प्रकार सांगते. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याचे मराठी नावही लांबलचक असले तरी नेमके आहे: गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. या नावात दोन गट आहेत. अफू, मॉर्फीन, हेरॉइन ही पहिल्या गटातील. केटामाइन २०११ मध्ये या कायद्याखाली आले, ते दुसऱ्या गटात, म्हणजे मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांत. याच गटात २०१५ साली मेफेड्रोन ऊर्फ ‘एमडी’ दाखल झाले. एमडी हे उत्तेजक आहे. ते झोप उडविते, आणणे दूरच. तरीही ‘गुंगी आणणाऱ्या एमडी पावडरचा साठा जप्त’ असे वाक्य आमच्याच व्यवसायात बिनदिक्कत लिहिले जाते. हे लिहिताना प्रस्तुत प्रतिनिधीला स्वतःच्या काही जुन्या बातम्या आठवतात, हे कबूल केले पाहिजे.

हा केवळ भाषाशुद्धीचा वाद असता तर त्यासाठी एवढी जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु केटामाइनच्या बाबतीत ‘अमली पदार्थ’ या शिक्क्याने एकदा जगभर मोठा पेच निर्माण केलेला आहे. २०१५ मध्ये चीनने संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक आयोगापुढे या द्रव्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला. त्या देशात त्याचा नशेसाठी वापर खरोखरच बोकाळला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने या प्रस्तावास स्पष्ट विरोध केला. केटामाइन १९८५ पासून संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याचे कारण अत्यंत व्यवहारी आहे. अन्य बहुतेक भुलीच्या औषधांनी श्वास मंदावतो व रक्तदाब खाली येतो; म्हणून प्राणवायू, यंत्र, वीज आणि तज्ज्ञ यांची जय्यत तयारी लागते. केटामाइनने रक्तदाब उलट वाढतो आणि श्वास बहुधा चालू राहतो. शिरेतून दिल्यास मिनिटभरात आणि स्नायूतून दिल्यास तीन-चार मिनिटांत ते लागू होते. जेथे भुलीचे यंत्र नाही, जेथे वीज बेभरवशाची आहे, तेथे गळू फोडण्यापासून सिझेरियनपर्यंत अनेकदा त्याचाच आधार असतो. आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तर गरीब देशांतील रुग्णांना शस्त्रक्रियाच मिळणार नाही, हा संघटनेचा युक्तिवाद होता. तो निर्णय लांबणीवर पडला.

भारताने आपला मार्ग स्वतंत्रपणे निवडला. २०११ मधील समावेशानंतर २०१३ च्या अखेरीस केटामाइन औषधविषयक नियमांच्या ‘अनुसूची एक्स’मध्ये गेले. अर्थात, ते कुलूपबंद ठेवावयाचे, विक्रेत्याला वेगळा परवाना हवा, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत हवी आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवावयाची. जळगावसारखे प्रकार पाहता हा बंदोबस्त अनाठायी होता, असे म्हणवत नाही. दीर्घकाळ नशा करणाऱ्यांचे मूत्राशय या द्रव्याने आकसून निकामी होते, हेही विसरून चालणार नाही. तथापि बंदोबस्ताचा भार कोठे पडतो, हे पाहावे. मोठ्या शहरातील सुसज्ज रुग्णालयाजवळ दहा पर्याय असतात. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय अंबरनाथ, बदलापूर आणि त्यापलीकडच्या मुरबाड-कर्जतपर्यंतच्या रुग्णांचा आधार आहे. तेथे पोहोचण्यापूर्वी एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी जखमीला स्थिर करावयाचे असेल, तर केटामाइनची कुपी असणे वा नसणे यात अंतर पडते. भाजलेल्या रुग्णाची मलमपट्टी बदलताना होणाऱ्या यातना ज्याने ऐकल्या आहेत, त्याला हे निराळे सांगावयास नको. रासायनिक कारखान्यांशेजारी राहणाऱ्या आपल्या पट्ट्यात तर नकोच नको.

राहिला प्रश्न संमतीचा, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निकाल या संदर्भात मूलभूत मानला जातो. दुर्बिणीद्वारे तपासणीसाठी रुग्णेला पूर्ण भूल देण्यात आली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. सज्ञान रुग्ण तात्पुरती बेशुद्ध आहे एवढ्यावरून, तातडीचा प्राणसंकटाचा प्रसंग नसताना, दुसऱ्या कोणाची संमती तिची संमती ठरत नाही, असे न्यायालयाने ठरविले. उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय व ठळक धोके रुग्णाला पुरेसे समजावेत, इतकी माहिती देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचेही त्यात म्हटले आहे. नुकसानभरपाई अवघी २५ हजार रुपयांची होती. परंतु त्यानंतर देशभरातील रुग्णालयांचे संमतिपत्रक लांबले. लांबले, पण समजण्याजोगे झाले का?

उपरोक्त रुग्णालयातील संमतिपत्रक मुलाच्या वडिलांनी मला दाखविले. दोन पाने इंग्रजी होती, तिसऱ्या पानावर मराठी अनुवाद होता. इंग्रजीत भुलीच्या पाच पद्धती, प्रत्येकीपुढे खूण करावयाची चौकट. मराठीत त्या जागी एकच ओळ: ‘मला/माझ्या रुग्णास भूल देण्यास माझी संमती आहे.’ पाच पद्धतींचे एका शब्दात झालेले हे रूपांतर अनुवादकाचा आळस म्हणून सोडून देता येईल. परंतु त्याचे परिणाम फार साधे व फार गंभीर असतात. शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास काही खाऊ नका, असे सांगितलेले असताना ‘थोडा चहा-बिस्किटाने काय होते’ म्हणून लपवून खाणारे रुग्ण प्रत्येक भूलतज्ज्ञाने पाहिलेले असतात. भूल म्हणजे झोप, एवढेच त्यांना माहीत असते. त्या झोपेत घसा व खोकला यांची राखणही सुटते आणि पोटातील अन्न फुप्फुसात उतरू शकते, हे त्या शब्दात कोठे आहे? रक्तदाबाचा रुग्ण आपली गोळी बंद केल्याचे सांगत नाही, तेव्हा त्याला कोणी सांगितलेले नसते की दिल्या जाणाऱ्या औषधाने रक्तदाब वाढणार आहे.

उलट बाजूही आहे. सर्व भीतीदायक तपशील वाचून दाखविले तर निम्मे रुग्ण टेबलावरून उठून जातील, असे डॉक्टर मंडळी खासगीत म्हणतात व त्यात तथ्य नाही असे नव्हे. शिवाय ‘केटामाइन’ हे नाव उच्चारताच बातम्या वाचणारा नातेवाईक मोबाइलवर शोध घेईल आणि आपल्या मुलाला नशेचे औषध टोचले म्हणून गोंधळ घालील, ही धास्तीही निराधार नाही. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये याच द्रव्याच्या एका रूपाला, एस्केटामाइनच्या नाकात मारावयाच्या फवाऱ्याला, अन्य औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर मान्यता मिळाली. उद्या मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर हे नाव दिसेल, तेव्हा घरच्यांना काय वाटेल? नाव लपविल्याने ही धास्ती कमी होत नाही, ती केवळ पुढे ढकलली जाते. आणि ती निर्माण करण्यात गुन्हेवार्तांचा वाटा मोठा असल्यामुळे दुरुस्तीचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा. औषध कोणते ते ठाऊक नसेल तर ‘अज्ञात द्रव्य’ लिहावे. ठाऊक असेल तर त्याचे नाव लिहून ते एरवी कशासाठी वापरतात, हेही एका वाक्यात सांगावे. संमतिपत्रकाच्या मराठी पानावरही ‘जागेवरची, कमरेखालची, पूर्ण, डोळे उघडे राहणारी’ एवढे चार शब्द छापण्यास कोणत्याही समितीची गरज नाही.

त्या मुलाचे वडील मोरिवलीच्या एका रासायनिक कारखान्यात पिंपे चढविण्या-उतरविण्याचे काम करतात. शिक्षण नववीपर्यंत. आपल्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक पिंपावर काय लिहिलेले असते, ते त्यांनी मला घडाघडा सांगितले: टोल्यूइन, मिथेनॉल, कॉस्टिक, कशाला पाणी लावायचे, कशाला नाही, अंगावर उडाले तर आधी काय करायचे. ‘‘नाव वाचल्याशिवाय आम्ही पिंपाला हात लावत नाही, साहेब,’’ ते म्हणाले. मुलाला कोणते इंजेक्शन दिले, हे मी विचारले तेव्हा त्यांनी खिशातील घडी केलेला कागद काढला आणि उलटसुलट करून पाहिला.

‘‘भुलीचं,’’ ते म्हणाले.